पाय टेकायचा नाही, पण किती दिवस?

घोट्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते, प्लेट आणि स्क्रू बसतात आणि घरी सोडताना कागदावर एक ओळ लिहून मिळते: सहा आठवडे पाय टेकायचा नाही. घरातले सगळे ती ओळ मनापासून पाळतात. पलंग खिडकीजवळ सरकवला जातो, जेवणाचे ताट जागेवर येते, रुग्ण पाण्यासाठी उठू लागला तरी त्याला ओरडा बसतो. सहा आठवड्यांनी एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसते आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग पाय पहिल्यांदा जमिनीला लागतो आणि लक्षात येते की घोट्याबरोबर गुडघाही परका झाला आहे. त्या गुडघ्याला तर काहीच लागले नव्हते. मांडी बारीक झालेली असते, ते डोळ्यांना दिसते. मात्र त्याच गुडघ्यात आणखी एक बदल झालेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, साध्या एक्स-रेवरही उमटत नाही. हाडांच्या टोकांवरची कूर्चा, जिला आपण बोलताना ‘गादी’ म्हणतो, ती या काळात थोडी पातळ आणि थोडी मऊ झालेली असते. पायावरचा भार काढून घेणे हा उपचार आहे. त्याला औषधासारखीच मात्रा हवी, मुदत हवी आणि तो थांबवण्याची पद्धतही हवी. या लेखाचा सगळा खटाटोप एवढी एक गोष्ट पटवून देण्यासाठी आहे.

आधी ही कूर्चा जगते कशी ते पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. गुडघ्यातली कूर्चा बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर जाडीची असते आणि वाटीच्या मागच्या बाजूला त्याहून जाड. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. तिच्या वजनातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग पाण्याचा. उरलेल्या भागात कोलॅजनच्या तंतूंचे घट्ट जाळे आणि त्या जाळ्यात अडकून बसलेले, पाणी ओढून धरणारे मोठे रेणू असतात. त्यांना प्रोटिओग्लायकन म्हणतात. हे रेणू पाणी शोषून फुगू पाहतात, जाळे त्यांना आवरून धरते, आणि या रस्सीखेचीतून कूर्चेचा ताठपणा येतो. या सगळ्याची देखभाल करणाऱ्या पेशी फार थोड्या, एकमेकींपासून दूर विखुरलेल्या. त्यांच्यापर्यंत रक्त पोचत नाही, त्यामुळे त्यांना लागणारे पोषण सांध्यातल्या वंगणद्रवातून झिरपत यावे लागते. पाय जमिनीवर टेकला की कूर्चा दाबली जाते आणि थोडे पाणी बाहेर जाते. पाय उचलला की ते परत आत ओढले जाते. या दाबण्या-सुटण्याने पोषणाची ये-जा होतेच, शिवाय पेशींना कामाचा निरोपही मिळतो. दाब जाणवतो तोवर त्या प्रोटिओग्लायकन तयार करत राहतात. दाब थांबला की उत्पादन मंदावते, जुने रेणू मोडण्याचे काम मात्र चालूच राहते.

हा दाब किती मोठा असतो, याची कल्पना आपल्याला सहसा नसते. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी काही रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांमध्येच मोजमापाची यंत्रणा ठेवली आणि रोजच्या हालचालींत गुडघ्यावर प्रत्यक्ष किती भार येतो ते टिपले. सपाट जमिनीवर चालताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भरला, खुर्चीतून उठतानाही जवळजवळ तेवढाच, आणि जिना उतरताना सुमारे साडेतीन पट. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाच्या गुडघ्यावर प्रत्येक पावलाला दीडशे किलोचा दाब येतो आणि जातो. यातला मोठा वाटा स्नायूंच्या ओढीचा असतो. दिवसातून हजारो वेळा हा दाब घेणे हीच आपल्या कूर्चेची नेहमीची दिनचर्या आहे, आणि तिची जाडी व ताठपणा त्या दिनचर्येला जुळवून घडलेले आहेत. ‘सहा आठवडे पाय टेकायचा नाही’ या ओळीने ती दिनचर्या एका दिवसात बंद होते.

मग काय होते, याचा पुरावा आधी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आला. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात पाल्मोस्की आणि ब्रँट यांनी १९८० च्या आसपास कुत्र्यांच्या निरोगी गुडघ्यांना प्लास्टर घातले. काही आठवड्यांत कूर्चा पातळ झाली आणि तिच्यातले प्रोटिओग्लायकन तयार होण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. प्लास्टर काढून कुत्र्यांना मोकळे फिरू दिल्यावर सुधारणाही दिसली. त्याच गटाचा १९८० मधला दुसरा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. त्यात कुत्र्याचा पंजा काढून टाकलेला होता. गुडघा मोकळा होता, वाकत होता, सरळ होत होता, पण त्या पायावर भार येत नव्हता. तरीही कूर्चा खंगली. म्हणजे नुसत्या हालचालीने भागत नाही. पुढे फिनलंडमध्ये कुओपिओच्या संशोधकांनी बीगल जातीच्या तरुण कुत्र्यांचे गुडघे अकरा आठवडे बांधून ठेवले आणि मग त्यांना पन्नास आठवडे मोकळे सोडले. बरीच भरपाई झाली, पण काही भागांत कूर्चा पूर्ववत झाली नाही. अकरा आठवड्यांचे नुकसान भरून यायला जवळजवळ वर्षही पुरले नाही, हे वाक्य मुद्दाम लक्षात ठेवावे.

कुत्र्यांचे निष्कर्ष माणसांना कसे लावायचे, ही शंका रास्त आहे. पण माणसांचे पुरावेही आहेत, आणि एमआरआयमुळे ते चिरफाड न करता मिळाले. म्युनिकमधल्या एका गटाने २००४ मध्ये घोट्याचे हाड मोडलेल्या वीस रुग्णांचे गुडघे तपासले. या रुग्णांना सात आठवडे त्या पायावर अर्धवटच भार द्यायची मुभा होती. सात आठवड्यांनंतर मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार सुमारे ११ टक्क्यांनी, वाटीमागची कूर्चा सुमारे ३ टक्क्यांनी आणि नडगीच्या हाडावरची आतल्या बाजूची कूर्चा जवळजवळ ७ टक्क्यांनी घटली होती. भार पूर्ण बंद नव्हता, नुसता कमी होता, तरी ही घट. झुरिकमधल्या संशोधकांनी मज्जारज्जूच्या दुखापतीने पाय लुळे पडलेल्या रुग्णांचे गुडघे पाहिले. वर्षभरात त्यांची कूर्चा साधारण दहा टक्क्यांच्या घरात पातळ झाली होती आणि हा वेग संधिवाताच्या नेहमीच्या झिजेहून अधिक होता. सॅन फ्रान्सिस्कोत सहा ते आठ आठवडे पाय न टेकलेल्या काही रुग्णांच्या कूर्चेचा पोत विशेष एमआरआयने तपासला गेला. तो बिघडलेला दिसला, आणि पूर्ण भार देऊ लागल्यावर चार आठवड्यांनी मूळ पातळीच्या जवळ आला. हे अभ्यास छोटे आहेत, रुग्णांची संख्या दहा-वीसच्या आसपास आहे. पण वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या पद्धतींचे हे अभ्यास एकच दिशा दाखवतात आणि ती दिशा प्राण्यांवरच्या प्रयोगांशी जुळते.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. कूर्चा पातळ झाली तर झाली, त्याने बिघडते काय? पाय लुळे पडलेल्या त्या रुग्णांच्या कूर्चेत संधिवातात दिसतात तशा भेगा आणि खड्डे आढळले नव्हते. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर सावधपणे द्यायला हवे. भाराविना आलेला खंगलेपणा आणि संधिवातातली झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात जाळे शाबूत राहते आणि त्यात भरलेला माल कमी होतो, दुसऱ्यात जाळेच फाटते. लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवून ठेवले होते की नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही. आजच्या पुराव्याने ते जाळ्यापुरते तरी भक्कमपणे खरे ठरते. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत जास्तीचा किरणोत्सारी कार्बन पसरला होता. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्याच कार्बनचा माग गुडघ्यातल्या कूर्चेत काढला आणि दाखवले की प्रौढपणी कोलॅजनचे जाळे जवळजवळ बदलतच नाही. वयात येईपर्यंत जे विणले गेले तेच आयुष्यभर पुरवायचे असते. प्रोटिओग्लायकन मात्र पेशी नव्याने बनवू शकतात. म्हणून पाय न टेकल्याने झालेले नुकसान बरेचसे भरून येण्याजोगे असते, आणि रुग्णाने घाबरून जाण्याचे कारण नाही. काळजी आहे ती पुढची. माल कमी झालेली कूर्चा मऊ असते आणि तिच्या जाळ्यावर त्याच भाराने जास्त ताण येतो. शेजारी स्नायूही दुबळे, धक्का झेलायला असमर्थ. अशा अवस्थेतल्या सांध्यावर एकदम जुने ओझे टाकले तर भरून येणारे नुकसान भरून न येणाऱ्या नुकसानाकडे ढकलले जाण्याची भीती असते.

ही भीती कल्पनेतली नाही. पाल्मोस्की आणि ब्रँट यांनीच १९८१ मध्ये तिसरा प्रयोग केला. प्लास्टर काढल्यावर काही कुत्र्यांना पिंजऱ्यात, अंगणात मोकळे फिरू दिले आणि काहींना रोज कित्येक मैल ट्रेडमिलवर पळवले. मोकळे फिरणाऱ्यांची कूर्चा सुधारली. पळवलेल्यांची सुधारणा अडली. प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात ‘आता भरून काढतो’ म्हणत टेकडी चढायला निघणाऱ्या उत्साही माणसाने, आणि तीन महिने झाले तरी जपून-जपून खाटेवरच राहणाऱ्या भित्र्या माणसाने, दोघांनीही हा प्रयोग आपापल्या परीने वाचावा.

दुसरा आक्षेप आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो, आणि तो आक्षेपापेक्षा समजूत म्हणून जास्त घट्ट बसला आहे. गुडघा म्हणजे गाडीचे टायर, जितके चालवाल तितके झिजणार, म्हणून वापर कमी करा. टायरला पेशी नसतात आणि ते स्वतःची डागडुजी करत नाही, एवढे सांगितले तरी ही तुलना कोसळते. तरी आकडा देतो. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत हौसेने धावणाऱ्यांमध्ये खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण ३.५ टक्के, बैठे जीवन जगणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धांसाठी धावणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के आढळले. ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहतात, ही शंका या आकड्यांवर घेता येते आणि ती पूर्णपणे फेटाळता येत नाही. पण ‘वापरले की झिजते’ हा नियम खरा असता तर बैठ्या लोकांचे प्रमाण सर्वांत कमी निघायला हवे होते, आणि ते तसे निघाले नाही. आणखी एक पाहण्यासारखी गोष्ट: तीस बैठका काढल्या की वाटीमागच्या कूर्चेचा आकार सुमारे सहा टक्क्यांनी घटतो आणि दीड-दोन तास विश्रांती मिळाली की ती पुन्हा भरते. दाबले जाणे आणि भरून येणे हा तिचा श्वास आहे. शरीराचे जादा वजन मात्र खरोखर बाधते. वजन एक किलोने घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो, असे अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसले आहे. पाय बांधून ठेवण्याच्या काळात जेवण नेहमीचेच आणि हालचाल शून्य असे झाले, तर त्या काळात चढलेले चार-पाच किलो मऊ झालेल्या कूर्चेलाच पेलावे लागतात.

तिसरी समजूत मालिशची. रोज कोमट तेलाने पाय चोळतो, कोणीतरी गुडघा वाकवून-सरळ करून देते, म्हणजे सांधा ‘चालू’ आहे असे वाटते. या हालचालीचा उपयोग आहेच. टोरांटोचे शल्यविशारद रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० पासून सशांवर केलेल्या कामातून दाखवले की सांधा अविचल ठेवण्यापेक्षा सतत हलता ठेवणे कूर्चेच्या जखमेला हितकर असते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय आपोआप वाकवणारे यंत्र त्यातूनच आले. हालचालीने वंगणद्रव फिरतो, सांधा आखडत नाही. पण पंजा नसलेल्या त्या कुत्र्याचा गुडघाही हलत होताच. हालचाल भाराची जागा घेत नाही, भार परत येईपर्यंत ती सांध्याला तग धरायला मदत करते. याची दुसरी बाजूही सॉल्टर यांनीच दाखवली होती. १९६० मधल्या प्रयोगात सांधा एकाच स्थितीत सतत दाबून ठेवला तेव्हा दाबाखालची कूर्चा मेली. म्हणजे न हलता दाब घातक, दाबाविना हालचाल अपुरी. कूर्चेला येणारा आणि जाणारा दाब हवा, आणि तो चालण्याइतक्या सोप्या रीतीने दुसरीकडे कुठे मिळत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे. पहिली गोष्ट डॉक्टरांच्या खोलीतच करायची असते आणि बहुतेक जण ती विसरतात. ‘किती दिवस आराम?’ हा प्रश्न विचारला की उत्तर दिवसांत मिळते आणि तेवढे दिवस सगळेच बंद होते. त्याऐवजी विचारा: भार बंद आहे तो कोणत्या कारणाने? पूर्ण बंद आहे की बोटे टेकवायची मुभा आहे? किती किलोपर्यंत भार चालेल आणि तो केव्हा वाढवायचा? कोणते सांधे हलवायला हरकत नाही? ही माहिती फाइलवर लिहून घ्या. मी इथे डॉक्टरांचा सल्ला डावलायला सांगत नाही, उलट तो पूर्ण मागून घ्यायला सांगतो आहे. गुडघ्याच्या आतच हाडाचा पृष्ठभाग फुटला असेल, कूर्चेवरच शस्त्रक्रिया झाली असेल, बांधणी नाजूक असेल तर भार बंद ठेवण्याला पर्याय नसतो. तिथे कूर्चेचे थोडे खंगणे ही हाड वाकडे न जुळण्यासाठी मोजलेली योग्य किंमत असते. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल तरीही भार देण्याचा निर्णय स्वतः घेऊ नये. पण जुन्या सवयीने सगळ्यांना सरसकट सहा आठवडे सांगण्याची गरज आता उरलेली नाही. ब्रिटनमध्ये घोट्याची शस्त्रक्रिया झालेल्या ५६१ प्रौढांवर झालेली चाचणी २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाली. दोन आठवड्यांनी पाय टेकायला लागलेले रुग्ण सहा आठवडे थांबलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. ‘माझ्या बाबतीत हे लवकर शक्य आहे का?’ असे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

भार पूर्ण बंद असलेल्या काळातही हातावर हात ठेवून बसायचे नसते. मांडीचा स्नायू आवळला की तो वाटीला मागच्या हाडावर दाबतो, म्हणजे पाय न टेकताही कूर्चेला थोडा भार मिळतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच मोजेपर्यंत खाली दाबायची आणि सोडायची. असे दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा. परवानगी असेल तर पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. घोटा बांधलेला नसेल तर पाऊल वर-खाली करत राहायचे, त्याने पोटरीतले रक्तही फिरते. चांगल्या पायावर, वॉकर धरून, दिवसातून अनेकदा उभे राहायचे, नाहीतर तोही पाय याच वाटेने जातो. आणि एक चूक प्रेमापोटी होते ती टाळायची: गुडघ्याखाली दिवसरात्र उशी. आराम वाटतो, पण काही आठवड्यांत गुडघा वाकलेलाच राहायला शिकतो आणि पुढे पाय पूर्ण सरळ होत नाही. उशी द्यायचीच असेल तर टाचेखाली द्यावी, म्हणजे गुडघा सरळ राहतो. पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, किंवा धाप लागून छातीत दुखले, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे. ती रक्ताची गुठळी असू शकते.

भार द्यायला परवानगी मिळाली की आकडा महत्त्वाचा ठरतो, आणि आकडा अंदाजाने कळत नाही. ‘वीस किलो भार द्या’ म्हटल्यावर पायाला वीस किलो म्हणजे काय ते ठाऊक नसते. त्यासाठी घरातला वजनकाटा वापरावा. काटा जमिनीवर ठेवा, शेजारी त्याच उंचीची फळी किंवा जाड पुस्तके ठेवून चांगला पाय त्यावर ठेवा, वॉकर किंवा ओटा घट्ट धरा आणि दुखरा पाय काट्यावर हळूहळू दाबत वीसचा आकडा आणा. मग न पाहता तेवढाच भार द्यायचा आणि नंतर आकडा पाहायचा. चार-पाच दिवसांच्या सरावाने पायाला अंदाज येतो. अंदाज काही दिवसांत पुन्हा सैल पडतो, म्हणून दर दोन दिवसांनी तपासावे. पुढे आठवड्याला किती वाढवायचे ते डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट ठरवतील. वीसवरून चाळीस, मग शरीराच्या निम्मे, मग पूर्ण, अशी चढण साधारण असते. तरणतलाव जवळ असेल आणि जखम पूर्ण भरली असेल तर पाण्याची मदत मोठी. कंबरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचे साधारण निम्मेच वजन येते, छातीइतक्या पाण्यात सुमारे एक तृतीयांश. मात्र ओल्या फरशीवर कुबड्या घेऊन तिथवर जायचे असेल तर तो लाभ धोक्यापुढे फिका पडतो.

किती झाले की थांबायचे, हे ओळखण्याचा मार्ग कूर्चा स्वतः दाखवत नाही, कारण तिला वेदनाच होत नाही. दुखते ते आसपासचे आवरण, हाड, स्नायू. म्हणून चालताना होणाऱ्या थोड्या दुखण्याला एवढे घाबरू नये आणि दुखत नाही म्हणून भरधावही सुटू नये. दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहावी. आदल्या दिवशीचे दुखणे रात्रीत ओसरले, गुडघ्याला सूज नाही, तर मात्रा पेलली. सकाळीही दुखते आहे, गुडघा फुगलेला आणि कोमट लागतो आहे, तर दोन दिवस आधीच्या मात्रेवर परत जावे. पूर्ण थांबू नये. चालणे आधी सपाट जमिनीवर, दिवसातून अनेकदा थोडे थोडे. पायऱ्या नंतर, कारण उतरताना येणारा साडेतीन पट भार आपण वर पाहिला. पायऱ्या आल्याच तर कठडा धरून, चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी. मांडी घालून किंवा उकिडवे बसणे शेवटी. लिफ्ट नसलेल्या इमारतीत आणि भारतीय पद्धतीच्या शौचालयात हा क्रम पाळणे कठीण जाते. तेव्हा दोन-तीन महिन्यांसाठी कमोडची खुर्ची भाड्याने आणावी, त्यात कमीपणा काही नाही. पळणे, उड्या, टेकडी यांचे वेळापत्रक किती असावे याला कोणी एक आकडा देऊ शकत नाही. पण अकरा आठवड्यांनंतर जवळजवळ वर्षभरातही पुरती न सावरलेली ती बीगलची कूर्चा आठवली, तर जितके आठवडे पाय टेकला नव्हता त्याच्या दुप्पट काळ तरी जोराचे खेळ लांब ठेवणे मला शहाणपणाचे वाटते.

म्हाताऱ्या माणसांबाबत वेगळे सांगायला हवे, कारण तिथे आपला जिव्हाळाच आड येतो. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या आजीला उठवायला घरचे धजत नाहीत. पण ब्रिटनमधली राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगते की वैद्यकीय अडचण नसेल तर खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करावे. या वयात खाटेवरचा प्रत्येक आठवडा कूर्चेबरोबर स्नायू, फुप्फुसे, भूक आणि उमेद सगळ्यांकडून किंमत वसूल करतो. ‘आजी, उठू नकोस, मी देते’ यात माया आहे, हे खरे. पण ‘आजी, वॉकर धर, मी मागे उभी आहे’ यातही तेवढीच माया आहे आणि तिचा उपयोग जास्त आहे.

सांध्यांची कूर्चा वाढवतात म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय सोडता येत नाही. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन यांच्यावर अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २००६ मध्ये आला. गुडघेदुखीवर एकंदर रुग्णांमध्ये या गोळ्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. याउलट स्वीडनमध्ये गुडघ्यातली फाटलेली चकती काढलेल्या ४५ जणांच्या अभ्यासात, चार महिने देखरेखीखाली नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या कूर्चेत पाणी धरणाऱ्या घटकांची स्थिती सुधारल्याचे एमआरआयवर दिसले. गोळ्यांच्या चार महिन्यांच्या खर्चात फिजिओथेरपिस्टच्या बऱ्याच भेटी होतात.

शेवटचा टप्पा काठीचा, आणि तिथे घाई सर्वांत जास्त होते. वॉकरची मूठ उभे राहून हात सैल सोडला की मनगटाच्या घडीला यावी, काठीचेही तसेच. काठी दुखऱ्या पायाच्या उलट बाजूच्या हातात धरायची. आपल्याकडे बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तिचा निम्मा उपयोग घालवतात. काठी सुटली की बरे झालो असे मानून लोक ती लवकर टाकतात आणि लंगडत चालू लागतात. लंगडण्यात दुखऱ्या पायाची पावले तोकडी पडतात, त्याच्या कूर्चेला पुरेसा भार मिळत नाही, आणि चांगल्या गुडघ्यावर जास्तीचे ओझे जाते. त्यामुळे आरशासमोर किंवा घरातल्या कुणाला तरी मागून पाहायला सांगून चाल तपासावी: दोन्ही पावले सारख्या लांबीची पडतात का, दोन्ही टाचा सारख्याच टेकतात का, खांदा एका बाजूला झुकतो का. काठीविना चाल सरळ राहू लागेपर्यंत काठी हातात असू द्यावी, मग त्याला तीन आठवडे लागोत की तीन महिने.